गोधडीची उलटी बाजू

मुरुडच्या आमच्या घरी लोखंडी पेटीत एक गोधडी आहे. नानीच्या हातची. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात शहरातले एक गृहस्थ ती पाहायला आले. गावोगाव फिरून ते जुन्या गोधड्या जमवीत होते. पुढेमागे त्यांचे एक कायमचे दालन उभे करावे, असा त्यांचा मनोदय होता. माणूस भला होता. गोधडी त्यांनी अंगणात बाजेवर पसरली, तऱ्हेतऱ्हेने फोटो काढले, लांबी-रुंदी मोजली आणि किंमतही सांगितली. किंमत काही वाईट नव्हती. जाताना एक छापील फॉर्म भरून ठेवून गेले. त्यावर अम्माची सही तेवढी हवी होती. वस्तू, ठिकाण, अंदाजे काळ, कापडाचा प्रकार असे रकाने होते. शेवटचा रकाना 'कर्ता' असा होता आणि त्यात त्यांनी पेन्सिलीने लिहिले होते, 'अज्ञात'. ते लिहीत होते तेव्हा कर्तीची मुलगी त्यांच्यापुढे चहाचा कप धरून उभी होती.

अम्माने सही केली नाही. नाहीही म्हणाली नाही. "बघू" म्हणाली. आम्ही घरच्यांनी असे ठरवले की, असल्या जागी कापडाला कसे ठेवतात ते आधी डोळ्यांनी पाहून यावे. म्हणून अम्माला घेऊन आम्ही पुण्याला राजा केळकर संग्रहालयात गेलो.

त्या संग्रहालयाबद्दल आमच्या मनात आदरच आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) या चष्म्याच्या दुकानदाराने, राजेरजवाड्यांच्या तलवारी सोडून, बायाबापड्यांच्या हाताळणीतल्या वस्तू जमवल्या. दिवे, अडकित्ते, दौती, दारे, वाद्ये, कपडे. लहानपणीच गेलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाची आठवण म्हणून संग्रहाला त्याचे नाव दिले आणि पुढे सगळा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. केळकर कवीही होते आणि कवितेखाली 'अज्ञातवासी' असे नाव लिहीत. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून त्यांनी इथे तो पुन्हा उभा केला. जिला हयातीत पुण्याने आपली मानली नाही, तिचे घर शेवटी संग्रहालयात मावले, हे तिथे उभे असताना आमच्या मनात आल्याशिवाय राहिले नाही. अम्मा मात्र त्या महालात फार रमली नाही. ती कपड्यांपाशी थांबली. काचेमागच्या भरतकामाकडे बराच वेळ पाहत राहिली आणि आम्हाला हळूच विचारले, "पलटा के नै दिखाते क्या?"

उलटून दाखवत नाहीत का! आम्ही हसलो. काचेमागची वस्तू कोण उलटून दाखवणार? पण परतीच्या वाटेवर आणि नंतरही तो प्रश्न आमच्या डोक्यातून गेला नाही. सुईकाम जाणणारी बाई कापड आधी उलटेच करते. गाठ कुठे मारली, दोरा कुठे संपला, एका फुलावरून दुसऱ्या फुलावर तो लांबच लांब ओढत नेला की तिथेच तोडला, हे सगळे मागे दिसते. पुढची बाजू पाहुण्यांसाठी असते.

आपल्या मराठवाड्याला तर ही गोष्ट नवी नाही. औरंगाबादच्या हिमरूबरोबर ज्याचे नाव घेतात तो मशरू घ्या. मशरू म्हणजे शरीयतने ज्याची मुभा आहे असा. पुरुषाने निव्वळ रेशीम अंगाला लावू नये, म्हणून वीणकराने असे कापड विणले की, वर रेशीम दिसावे आणि आत अंगाला सूत लागावे. म्हणजे त्या कापडाचे नावच त्याच्या उलट्या बाजूवरून पडले आहे. काचेत पुढून पाहणाऱ्याला चकाकी दिसते. मशरूला मशरू का म्हणतात, ते दिसत नाही.

गोधडीचेही तसेच आहे. पिंजाऱ्याची रजई वेगळी. तिच्यात कापूस असतो आणि तो पिंजायला धनुकली लागते. हे काम करणारी आपली मन्सुरी बिरादरी आपले नाव मन्सूर अल-हल्लाजशी जोडते. हल्लाज म्हणजेच पिंजारी. इसवी सन ९२२ मध्ये बगदादला त्याला मारले. गोधडीत, आमच्याकडच्या दखनीत 'गोदडी'त, कापूस नसतो. विरलेली लुगडी, धोतरे एकावर एक अंथरायची, वर तुकडे मांडायचे आणि जाड सुईने सगळ्या थरांतून धावदोरा घालत जायचे. सगळ्यात मऊ लुगडे खाली, म्हणजे अंगाच्या बाजूला. शेतातली कामे उरकली की उन्हाळ्यातल्या दुपारी हे काम निघायचे आणि पावसाळ्याच्या आत संपवायचे असायचे. आमच्या घरी शेवटचा तुकडा शिवण्याआधी त्याखाली भाकरीचा बारीक कुटका ठेवीत. गोधडी उपाशी राहू नये म्हणून.

आता पेटीतल्या गोधडीविषयी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. नानीच्या धाकट्या बहिणीचे घर औसा तालुक्यात होते. घर पडले, माणसे वाचली. बहीण काही महिने मुरुडला येऊन राहिली आणि येताना मदतीत वाट्याला आलेल्या कपड्यांचे गाठोडे घेऊन आली. त्या दिवसांत देशभरातून जुने कपडे ट्रक भरभरून आले होते. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना आठवत असेल, शहरी पँटी, पार्टीचे फ्रॉक, स्वेटर. आपल्याकडच्या बाया ते घालणार कुठे? दोघी बहिणींनी त्यातले सुती तेवढे निवडले, फाडले आणि १९९४ च्या उन्हाळ्यात त्यांची गोधडी शिवली. वरच्या बाजूला जे लाल-निळे चौकोन पाहून ते गृहस्थ खूश झाले, त्यातला एकही तुकडा आमच्या घरचा नाही, मुरुडचा नाही, बहुधा मराठवाड्याचाही नाही. कोणाकोणाच्या अंगावरचे ते कपडे, अल्लाला ठाऊक. फॉर्मवर मात्र 'पारंपरिक मराठवाडी नमुना' अशी नोंद आहे.

आमच्या घरचे आहे ते खालचे लुगडे. तिथे दोऱ्याच्या ओळी स्वच्छ दिसतात. नानीचा टाका बारीक, सरळ. बहिणीचा लांब, आणि जरा उताराला लागल्यासारखा. दोघी समोरासमोरच्या कडांवरून आत येत गेल्या. एक जागा अशी आहे की, तिथे लांब टाके अचानक थांबतात आणि पुढच्या चार-पाच बोटांत बारीक टाके सुरू होतात. अम्मा सांगते, त्या दिवशी गावाकडून पत्र्याच्या शेडबद्दल निरोप आला आणि खाला उठून गेली. वरून पाहिले तर रंगांच्या गर्दीत यातले काहीच कळत नाही. फोटोंत ती बाजू नाही.

गोधडी भिंतीवर गेली की काय होते, याची एक मोठी गोष्ट अमेरिकेत घडून गेली आहे. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टाइन आणि गेल व्हान डर हूफ यांनी जमवलेल्या गोधड्या लावल्या. आधुनिक चित्रे लावतात तशा, मोकळ्या पांढऱ्या भिंतीवर, डोळ्यांच्या पातळीला. लोक चकित झाले. अमूर्त चित्रकारांच्या कितीतरी आधी खेड्यापाड्यांतल्या बायकांनी हे केले होते, असे बोलले जाऊ लागले. गोधडीचा मान एकदम वाढला, हे मान्य करायलाच हवे. पण निवड होती ती डोळ्याला चित्रासारखी दिसेल तिची. ती कोणी शिवली, कोणासाठी शिवली, तिच्याखाली कोण झोपले, हे प्रश्न त्या भिंतीवर बाजूला पडले. पॅट्रिशिया मेनार्डी या चित्रकर्तीने १९७३ मध्ये यावर खरमरीत लेख लिहिला. बायकांची कला ही पुरुषांच्या चित्रांसारखी दिसते म्हणून मोठी, हा कसला न्याय, असा तिचा रोख होता. पुढे तोच संग्रह २००३ मध्ये नेब्रास्का राज्यातल्या लिंकन या गावी गेला. तिथे विद्यापीठाने १९९७ पासून केवळ गोधड्यांचे अभ्यासकेंद्र चालवले आहे. २००८ मध्ये त्याला स्वतंत्र इमारत मिळाली आणि २०१९ पासून त्याचे नाव आंतरराष्ट्रीय गोधडी संग्रहालय असे आहे. सिंधच्या रल्ल्यासुद्धा तिथे आहेत. तिथल्या अभ्यासात गोधडीची मागची बाजू, आतला भराव, टाका, सगळे तपासतात. म्हणजे अम्माचा प्रश्न अगदीच अडाणी नव्हता.

अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीतल्या काळ्या बायकांच्या गोधड्या २००२ मध्ये व्हिटनीतच लागल्या, तेव्हा त्यांच्याखाली नावे होती. २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटेही निघाली. आणि २००७ मध्ये त्यातल्याच काही बायका आपल्या हक्काच्या पैशासाठी कोर्टात गेल्या. पुढे तडजोड झाली. नाव लागले की हिशेब मागता येतो. 'अज्ञात' कोर्टात जाऊ शकत नाही.

आपल्या शेजारचे उदाहरण सिद्दींचे. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरच्या जंगलपट्ट्यात, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज राहतात. काही मुसलमान, काही ख्रिस्ती, काही हिंदू. आणि बोलणे मराठी-कोकणी वळणाचे. त्यांच्या बायका 'कवंदी' शिवतात. कडेपासून सुरुवात करून फिरत फिरत मध्यापर्यंत येतात आणि चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुले लावतात. फुलाशिवाय कवंदी त्यांना उघडी-नागडी वाटते. हेन्री ड्र्यूअल या अमेरिकन प्राध्यापकाने त्यांच्यात राहून अभ्यास केला, बायकांची सहकारी संस्था उभी करायला हातभार लावला आणि २०११ मध्ये न्यूयॉर्कला या कवंद्यांचे प्रदर्शन झाले. हल्याळ ते न्यूयॉर्क झाले. हल्याळ ते लातूर अजून व्हायचे आहे. आमच्या एकाही अंकात आजवर सिद्दी बायकांवर चार ओळी आल्याचे आम्हाला आठवत नाही. हा दोष दुसऱ्या कोणाचा नाही.

इथे थोडे आपल्या साहित्याविषयी बोलायला हवे, कारण हा अंक साहित्याचा आहे आणि गोधडी हा साहित्यिकांचा फार लाडका शब्द झाला आहे. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, फ. म. शहाजिंदे अध्यक्ष होते. तेव्हापासून आम्ही कितीतरी परिसंवादांना बसलो. तिथे पाहुणे वक्ते हमखास एक वाक्य बोलतात: मराठी संस्कृती ही रंगीबेरंगी गोधडी आहे आणि मुस्लिम मराठी साहित्य हा तिच्यातला एक सुंदर तुकडा आहे. टाळ्या पडतात. आम्हीही वाजवल्या आहेत. पण गोधडी शिवणाऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला यात एक गोची दिसते. तुकडा वर लावतात. तो निघाला तरी गोधडी गोधडीच राहते. फार तर तिथे दुसरा तुकडा बसवतात. थर बांधून ठेवतो तो धावदोरा. आमचा कोणी लेखक धावदोरा असू शकतो, ही शक्यताच त्या उपमेत नाही. बार्शीचा मेहबूब पटेल शाहीर अमर शेख होऊन संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत डफावर थाप मारीत होता, तेव्हा तो आवाज कशाच्या वर लावलेला तुकडा होता? तो काढून ती चळवळ उभी करून दाखवा.

'तुकडा' म्हणून पाहण्याची सवय लागली की समीक्षा पुढच्या बाजूवर थांबते. पुस्तकात ईद आहे का, शीरखुर्मा आहे का, दर्गा आणि उरूस आहे का, दोन-चार उर्दू शब्द आहेत का. असले की समीक्षक समाधानी. वाक्य कसे शिवले आहे, कुठे दोरा ओढला आहे, कुठे गाठ चुकली आहे, हे कोणी पाहत नाही. आमच्या पुस्तकांवर कडक टीका होत नाही, याचे आम्हाला पूर्वी बरे वाटायचे. आता वाटत नाही. काचेमागच्या वस्तूवर कोणी टीका करत नसते.

आणि खरे सांगायचे तर आम्हीही पुढची बाजूच मांडत आलो. पाहुणे येणार म्हणून चांगली चादर घालावी तसे. बिरादरीतली उच्चनीचता, पिंजाऱ्याच्या घरी सोयरीक करताना सय्यदाच्या कपाळावर पडणारी आठी, तलाकनंतर माहेरच्या ओसरीवर शिवणयंत्र चालवून पोरे वाढवणाऱ्या बाया, हे आमच्या लेखनात आले. पण कमी आले आणि दबकत आले. हमीद दलवाईंच्या भूमिकेशी ज्यांचा वाद आहे, आणि आमच्यात अनेकांचा आहे, त्यांनीही १९६५ ची 'इंधन' पुन्हा काढून वाचावी. कोकणातल्या एका गावाची ती कादंबरी लेखकाने उलटी धरून, गाठी दाखवत लिहिली आहे. वाद विचारांशी घालावा, त्या लेखणीशी नव्हे.

आईच्या गोधडीवरच्या कवितांची तर गोष्टच नको. दरवर्षी आमच्याकडे निवडीसाठी येणाऱ्या कवितांत चार-पाच तरी गोधड्या असतात. सगळ्यांत मायेची ऊब असते. सुई बोटात घुसल्याचे एकीतही नसते. दोरा उधार आणल्याचे नसते. दुपारभर मान खाली घालून शिवल्यावर ती मान वर होत नाही, तेही नसते. बहुतेक कवी पुरुष आहेत आणि ते गोधडीखाली झोपलेले आहेत.

इस्मत चुगताईंचे नाव निघाले की लोकांना 'लिहाफ' आठवते, त्या १९४२ च्या कथेवर लाहोरला झालेला खटला आठवतो. आम्हाला 'चौथी का जोडा' अधिक मोलाची वाटते. कुबराची आई कापड बेतण्यात उस्ताद. कापड कमी पडले की साऱ्या मोहल्ल्याने तिच्याकडे यावे. मुलीच्या लग्नाचा जोडा ती बेतत राहते आणि शेवटी तिच्याच हातून बेतला जातो तो कफन. तो शिवायचाही नसतो. त्या कथेत मायेची ऊब कुठे लिहिलेली नाही. कात्री आहे, पनहा आहे, कमी पडणारे कापड आहे. म्हणून ती कापते.

बंगालीत जसीमुद्दीन या मुसलमान कवीने १९२९ मध्ये 'नक्षी काँथार माठ' हे दीर्घकाव्य लिहिले. रूपाई आणि साजू हे शेतकरी जोडपे. रूपाई परागंदा होतो आणि साजू वाट पाहत आपली सारी कहाणी काँथ्यावर, म्हणजे तिकडच्या गोधडीवर, टाक्यांनी काढत बसते. मरताना सांगते, ही माझ्या कबरीवर पसरा. पुढे रूपाई येतो तो त्या कबरीशी. आम्ही हे काव्य इंग्रजीवरून वाचले, तेव्हा आमचे लक्ष एका गोष्टीकडे गेले. साजू आपले काम जपून ठेवायला सांगत नाही. उन्हापावसात उघड्यावर पसरायला सांगते. ते कुजणार आहे, हे तिला माहीत असणारच. ज्याने पाहायला हवे, त्याने ते पाहावे, एवढेच तिला हवे आहे. त्याच सुमारास गुरुसदय दत्त नावाचे एक सरकारी अधिकारी बंगालची खेडी हिंडून काँथे गोळा करीत होते. त्यांचा संग्रह कोलकात्याजवळ जोका येथे ठेवला गेला. त्यातला एक काँथा मानदासुंदरी नावाच्या बाईने वडिलांसाठी काढला आणि त्यावर आपले नावही टाक्यांनी लिहिले. तिला अक्षर येत होते. साजूचा काँथा कबरीवर गेला, मानदासुंदरीचा संग्रहालयात. यातले कोणते बरोबर, हे आम्हाला सांगता येत नाही. जोक्याचा काँथा जपला गेला नसता तर आज तिचे नाव आम्ही इथे लिहिलेच नसते.

म्हणून संग्रहालय नको, असे आमचे म्हणणे नाही. गोधड्या झपाट्याने चालल्या आहेत. सुती लुगडी गेली, नायलॉनच्या साड्यांत सुई सरकते पण ऊब येत नाही, आणि बाजारात ब्लँकेट स्वस्त मिळते. कोणीतरी जमवायलाच हवे. मृणालिनी मुखर्जी (१९४९-२०१५) यांनी तागाच्या दोरखंडाला गाठी मारून पुरुष-पुरुष उंचीची शिल्पे केली, २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयरने ती मोठ्या मानाने मांडली. त्या मानाला त्या पात्रच होत्या. आमच्याकडे अंबाडीचा दोर वळणारा मातंग समाजातला म्हातारा किंवा गोधडी शिवणारी नानी यांची त्यांच्याशी बरोबरी करावी, असेही आम्ही म्हणत नाही. रकान्यात नाव लिहावे, एवढेच म्हणतो.

पण तेही वाटते तितके सोपे नाही, हे फॉर्म पुन्हा हातात घेतल्यावर कळले. पेन्सिलीचे 'अज्ञात' अम्माने स्वतः खोडले. मग प्रश्न आला, लिहायचे कोणते? नानीचे निकाहनाम्यात एक नाव, रेशनकार्डावर तलाठ्याच्या कानाला ऐकू आले ते दुसरे, आणि गल्लीत तर तिला थोरल्या मामाची अम्मा म्हणूनच हाक मारीत. तिला स्वतःला कोणते आवडायचे, असे आम्ही अम्माला विचारले. अम्मा बराच वेळ गप्प राहिली. कधी विचारलेच नाही, म्हणाली. आणि नानीचे लिहिले तर खालाचेही लिहायला हवे. अर्धी गोधडी तिची आहे. रकाना एका नावापुरताच आहे.

त्या गृहस्थांना आम्ही फोन केला. दोन नावे लिहा, भूकंपाच्या कपड्यांची गोष्ट लिहा, आणि गोधडी भिंतीला चिकटवू नका, मधोमध दांडीवर टाका, म्हणजे लोकांना मागून फिरून जाता येईल, असे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. दांडीसाठी जागा जास्त लागते, विचार करून कळवतो, म्हणाले. अम्माची आणखी एक अट होती, ती सांगायला आम्हाला थोडा संकोच वाटला: वर्षातून एकदा गोधडीला ऊन दाखवायचे. ते हसले, पण लिहून घेतले.

त्यांचा निरोप अजून आलेला नाही. यंदा मुरुडला थंडी जरा लवकर पडली, तेव्हा अम्माने गोधडी पेटीतून काढून अंगावर घेतली आहे. फॉर्म पेटीत आहे, कडुनिंबाच्या पाल्याखाली.